क्षेत्रफळ, पाणी सोडून

स्प्रिंगडेलच्या वाचनालयात दर मंगळवारी
मी पोरांचा गृहपाठ करून घेते. फुकट,
कारण माझ्या व्हिसाला पगार चालत नाही.
समोर आल्मीरा, वय अकरा.
पहिल्या दिवशी मला 'अलमारी' ऐकू आलं होतं,
आणि आहेही तशीच,
किल्ली कुठे ठेवते कुणास ठाऊक.

आज तिच्याकडे एक कागद. 'माझ्या घरच्यांचा देश.'
चार चौकटी: भूगोल, लोक, सरकार, अर्थव्यवस्था.
ती जन्मली इथेच, आर्कान्सात.
मार्शल बेटं तिने पाहिलीत
मामाच्या फोनवर, तडकलेल्या काचेतून.

क्षेत्रफळ एकशे एक्याऐंशी चौरस किलोमीटर.
"पाणी धरून?"
सोडून, मी म्हणते. छापील प्रश्नात पाणी सोडूनच असतं.
"मग राहिलं काय?" ती विचारते,
आणि चौकटीत पेन्सिलीने एक बारीक कंगण काढते,
एका बाजूला तुटलेलं.
आत शांत पाणी, बाहेर खवळलेलं, मधे माणसं.
त्यांच्याकडे म्हणे उजवं-डावं फारसं कुणी बोलत नाही.
आतल्या पाण्याकडचं आणि बाहेरच्या पाण्याकडचं, एवढंच.
इथल्या भाड्याच्या घरातही मामा
पार्किंगकडच्या दाराला आतल्या पाण्याचं दार म्हणतो,
हमरस्त्याकडच्याला समुद्राचं.

मी काही बोलत नाही.
देवबागेत आमच्या घराला दोन दारं होती,
खाडीकडचं आणि दर्याकडचं.
दर्याकडचं आता नाही.
त्या बाजूचा माडही नाही, ज्याला गाय बांधायचो.

लोक.
या चौकटीत ती वर्गातल्या मुलांची नावं लिहायला लागते.
जेल्टन, किनेरे, दोघी जुळ्या, बसमधला मोठा दादा.
थांब, म्हणते मी, तिकडचे लिहायचे.
"हे तिकडचेच आहेत," ती म्हणते.
खोडरबर माझ्या हातात राहतो.

सरकार.
संसदेचं नाव नितिजेला, सदस्य तेहतीस.
अमेरिकेशी करार आहे; मामा इथे व्हिसाशिवाय
राहू शकतो, राबू शकतो, कर भरू शकतो,
मत देऊ शकत नाही.
मला इथे यायला मुलाखत द्यावी लागली, बोटांचे ठसे,
लग्नाचे फोटो, त्यात हार नीट दिसेल असे.
मामाला काही लागलं नाही.
त्याच्या देशाने आगाऊ भरणा केला होता:
सदुसष्ट स्फोट.
ही ओळ चौकटीत मावत नाही.
ती मागच्या बाजूला लिहिते, बारीक अक्षरात.

चलन, डॉलर. हे तिला पटकन येतं.
निर्यात: मासे, सुकं खोबरं.
थोडा वेळ पेन्सिल चावून
ती तिसरा शब्द लिहिते: मामा.
मी चूक म्हणत नाही.
मामा रात्रपाळीला मिनिटाला किती कोंबड्या सोलतो
ते तिला पाठ आहे. मी तो आकडा ऐकते
आणि घरी गेल्यावर नवऱ्याला सांगत नाही,
त्याचं ऑफिस त्याच कोंबड्या विकतं.

शेवटचा प्रश्न कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असा.
सर्वांत उंच ठिकाण?
दहा मीटर, मी शोधून सांगते.
ती खिडकीबाहेर बघते. धान्याचा मनोरा,
पाण्याची टाकी, त्यापलीकडे ओझार्कच्या टेकड्या.
"आपण आत्ता किती उंचावर बसलोय?"
चारशे मीटरच्या आसपास, मी म्हणते.
"म्हणजे इथे नाही येणार."
काय, ते मी विचारत नाही.

साडेपाचला मामा येतो.
धुतलेल्या हातांना क्लोरीनचा वास, बोटं सुजलेली,
तरी गाडीत बसून पेयांच्या नळ्या वाकवून
त्याने तिला लाटांचा नकाशा केलाय,
गाठी मारायला कारखान्यातल्या हातमोज्यांचा दोरा.
ही लाट इथून येते, ही बेटावर आपटून मागे फिरते,
या शिंपल्याच्या जागी आपण.
शिंपला नाही, एक बटण आहे, निळं.

ती कागद दुमडते, नकाशा दुमडता येत नाही.
जाताना विचारते, "बाई, तुमचं गाव कुठल्या पाण्याकडे?"

मी सांगते, आतल्या.
उरलंय तेच.