नमुना क्रमांक एकशे सात

प्रयोगशाळेत शिरण्याआधी
अंगठी, बांगड्या, गळ्यातलं काढून
मी डब्यात ठेवते.
सोनं पाऱ्याला धरतं, सहजी सोडत नाही.
यंत्राच्या पोटातही सोनंच आहे,
मासा जळतो, धूर होतो,
धुरातला पारा सोन्यापाशी येऊन थांबतो,
मग पडद्यावर आकडा.

मुहर्रकच्या बाजारात पहाटे
बू खलफ बर्फावर मासे मांडतो.
हमूर, म्हणजे आमचा हेकरू. सुरमईला चनद.
आणि तो करड्या पाठीचा, खरखरीत कातडीचा,
तो म्हणतो यरयूर, मी मोरी.
"हा किती वर्षांचा?"
"तुझ्या नवऱ्याएवढा," बू खलफ हसतो.
मी हसत नाही, वय लिहून घेते.
लहानाला मधला खातो, मधल्याला मोठा,
पारा कुणालाच पचत नाही,
उधारीसारखा पुढच्याच्या नावावर चढत जातो.

मोरी: एक पूर्णांक सहा.
शिक्का मारला. हात धुतले. डबा खाल्ला,
बटाट्याची भाजी.

सातवा लागला तशी हर्णैहून सासूबाई रोज फोनवर.
"प्रणिते, बाळंतपणात मोरीच खायची गो,
लसूण ठेचून, तिरफळं घालून.
दूध असं उतरतं!
विश्रामला मी मोरीवर वाढवला.
पोर कसं पाऱ्यासारखं हवं, एका जागी ठरता नये."

मी हो म्हटलं.
कोकमाने तो उतरत नाही, हळदीने मरत नाही,
तीन पाण्यांनी धुतला तरी मांसातच,
चवीत नाही, वासात नाही,
आणि वार त्याला अडवत नाही,
हे फोनवर कसं सांगायचं,
तेही त्यांना, ज्यांनी हयातभर टोपली डोक्यावर वाहिली?
"इथे मोरी मिळत नाही," एवढंच म्हटलं.
"अगो, समुद्र असून?"

घरी रोज साफी. शेवाळ खाणारी, लहानखुरी,
नावातच साफ.
विश्राम गोदीतून येतो, झाकण उचलतो,
"आज पण?"
आणि काटे काढत बसतो, माझ्याही ताटातले.

एका गुरुवारी सगळे गेल्यावर
मानेवरचे केस मुळापासून कापले,
पेरापेराने तुकडे केले.
केसात महिने साठलेले असतात.
टोकाकडे जास्त, मुळाकडे कमी.
विश्रामला फक्त मुळाकडचा आकडा सांगितला.

काल दापोलीचा एक मुलगा पुडकं देऊन गेला.
तीन पिशव्या, वर वर्तमानपत्र, वर सुतळी,
आत सुकवलेली मोरी.
खोलीभर वास सुटला.
तोंडाला असं पाणी, की खुर्ची ओढून बसले.
टाकवेना.

आज तिची चिमूट नावेएवढ्या पात्रात ठेवली आहे.
आपल्या दर्यात असेल कमी, असेलही,
मासा लहान असेल,
नसेलही.
नमुना एकशे सात. प्रकार: सुका.
पाठवणाऱ्याचं नाव:
या रकान्यात "आई" लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं.
यंत्र तापायला अजून चार मिनिटं आहेत.