रिकामी पट्टी

हाप्सालूच्या रस्ते-कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझं काम दोन ओळींचं:
बेटाकडचा बर्फाचा रस्ता आज उघडा की बंद,
ते पानाच्या माथ्यावर, एका पट्टीत.

समुद्र गोठला की त्यावरून गाड्या जातात.
सीटबेल्ट सोडून बसायचं, बुडताना अडकू नये म्हणून.
वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर,
मधल्या वेगाला खालचं पाणी ताल धरतं
आणि बर्फ तडकतो.
हे सगळं दोन ओळींत.

पहिल्या वर्षी हौसेनं सजवली होती मी पट्टी.
हिरवी, पिवळी, लाल.
शिवाय कोपऱ्यातून अलगद वर येणारी एक चिठ्ठी,
चार सेकंद थांबून विरणारी.
काइडो म्हणाला, छान, डोळ्यांत खुपत नाही.
मला ती शाबासकी वाटली.

मग चाचणीसाठी एन्डेल आला,
फेरीबोटीवरचा जुना इंजिनवाला,
डोळे जाऊन नऊ वर्षं झालेली.
खिशात कागदात गुंडाळलेला राईचा पाव.
संगणक त्याला पान वाचून दाखवत होता,
आमच्याच भाषेत, पण गाडी सुटत असल्यासारखा.

मी मागच्या टेबलावरून रस्ता बंद केला.
पट्टी लाल झाली. चिठ्ठी आली, थांबली, गेली.
एन्डेल पाव चावत बसून राहिला.
"बंद झाला," मी म्हटलं.
"कधी?"
"आत्ताच. लाल झालं ना."
त्यानं टेबलावरचे चुरे बोटानं एका जागी गोळा केले.
"तुझं लाल मला ऐकू आलं नाही, पोरी."

यंत्राला बोलण्याच्या दोन रीती शिकवता येतात.
एक: समोरचं वाक्य संपू दे, मग सांग.
दुसरी: मध्येच तोड.
माझी आई पहिल्या रीतीची.
डॉक्टर काय म्हणाले, ते तिनं
सगळ्यांचं सूप संपल्यावर सांगितलं.

मी रागानं सगळंच दुसऱ्या रीतीत टाकलं.
आठवड्यानं एन्डेलचा फोन:
"नोंद जतन झाली, धाड! तारीख बदलली, धाड!
अगं, दरवेळी दारावर लाथा घालतेस.
उद्या खरंच आग लागली
तरी म्हणेन, काही नाही, लेलो आली असेल."

तेव्हा एकेक निरोप हातात घेऊन पाहिला.
हा थांबू शकतो. हाही.
हा नाही.
आणि एक गोष्ट फार उशिरा कळली:
निरोप येण्याआधी त्याची जागा पानात हवी,
रिकामी, पण हजर.
निरोपासोबतच जागाही आणली
तर यंत्र पुष्कळदा ऐकतच नाही.

मार्चच्या एका दुपारी वारा दक्षिणेला फिरला.
गस्तीवरून राइवो फोनवर ओरडत होता, निम्मं वाऱ्यातच गेलं.
माझी बोटं आधी सवयीनंच चालली:
अपरिहार्य कारणास्तव सदर मार्ग...
खोडलं.
लिहिलं:
रस्ता बंद. चौथ्या किलोमीटरला भेग.
बर्फावर असाल तर थांबू नका, जवळचा किनारा गाठा.
चार सेकंदांचं घड्याळ काढून टाकलेलंच होतं.
बंद करायची फुलीही ठेवली नाही.

संध्याकाळी एन्डेल:
"हवामान ऐकत होतो. वाक्याच्या मध्येच तोडलंस."
पलीकडे किटली वाजत होती.
"सून किल्ली घेऊन दारात उभी होती," तो म्हणाला,
आणि मग बराच वेळ माशांच्या भावाबद्दल बोलला.

आता एप्रिल. रस्त्याच्या जागी नुसतं पाणी,
त्यावर हंस, कुठल्याही वेगानं.
काइडो कोड आवरतोय. विचारतो,
ही रिकामी पट्टी कशाला? काहीच दिसत नाही हिच्यात.
खरंय. उंची शून्य, रंग नाही, अक्षर नाही.
राहू दे, मी म्हणते.
तो खांदे उडवतो, पुढच्या ओळीकडे जातो.