संग्रहित छायाचित्र

आमच्या सर्व्हरवर त्याचं नाव आहे जमाव-तीन.
मीच ठेवलंय. रात्री पावणेबारा,
पान एकवर दोन कॉलमची जागा रिकामी,
कुठल्यातरी लांबच्या गावातली दगडफेक,
फोटो आला नव्हता,
खालून छपाईवाले बेल मारत होते.
मी शोधलं: दाढी. टोपी. गर्दी.
सापडला एक हात वर केलेला माणूस,
तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या.

फोटो आडवा, जागा उभी.
मी डावीकडून कापला, मग खालून.

डावीकडे नाव होती.
नावेत आंबेवाडीच्या आक्काताई चौगुले,
डोक्यावर खताचं पोतं पांघरलेल्या, मांडीवर करडू.
खाली शिवाजी पुलापलीकडचं पाणी,
उसाचे नुसते शेंडे.
आधी नाव गेली,
मग नावही गेलं.
उरला तो हात.

दोरी मागत होता तो हात.
पुराच्या साली आम्हीच छापलेला, पान पाचवर,
'स्थानिक तरुणांनी वाचवले वृद्धेचे प्राण.'
स्थानिक. तरुण.
तेव्हा कुणाचं अडलं नाही नावावाचून.
नऊ वर्षं पानं लावतोय मी.
ट्रक घालणारा 'चालक' असतो,
पतसंस्था बुडवणारा 'संचालक',
आणि काही आडनावं, कितीही लांब असोत,
मथळ्यात बसतातच.

तिसऱ्या दिवशी तो आला, उद्यमनगरातून,
हाताला लेथचं तेल, अंक चौघडी करून खिशात.
दस्तगीर बाबालाल शिकलगार.
मला वाटलं भांडणार. मी केबिनकडं बघितलं.
त्यानं अंक टेबलाच्या काचेवर पसरला
आणि बोट ठेवलं फोटोच्या बाहेर,
सोन्याच्या दराची चौकट सुरू होते तिथं.
"हितं म्हातारी हुती.
कुठं गेली?"

मी म्हणालो, जागा नव्हती.
"जागा व्हय," म्हणाला.
मग पोराचं काहीतरी सांगत बसला,
वर्गात त्याला दगड्या म्हणायला लागलेत,
पोरगं चित्रकलेत बरं आहे.
चहा घेतला नाही. रोजे नव्हते.

दुरुस्ती छापली आम्ही. पान सात,
निविदा सूचनेच्या बुडाशी, अडीच ओळी:
'अनवधानाने'.
अनवधान किती अवधान ठेवून दाढी शोधतं
ते अडीच ओळीत मावलं नाही.

मोहरमात आमच्या पेठेतल्या तालमीत पंजा बसतो.
वडील खाईभोवती नाचायचे,
आई चोंग्यांचा निवद न्यायची,
कुणी कुणाला त्याचा अर्थ विचारत नव्हतं.
आता अर्थ मी लावतो, आठ कॉलम रंगीत:
'ऐक्याची परंपरा'.
चांदीचा हात, वर केलेला,
पाची बोटं पूर्ण,
नखाएवढंही कापत नाही.
वर्षातून एकदा. दुसऱ्या दिवशी
पुन्हा पावणेबारा वाजतात.

परवा पान लवकर गेलं.
मूळ फाईल उघडली.
उजवीकडूनही बोटभर कापलं होतं मी,
आठवतच नव्हतं. तिथं, फोकसच्या बाहेर,
हवेतून दोरी येतेय.
टाकणारा दिसत नाही.

फाईलचं नाव बदललं:
आक्काताई चौगुल्यांसाठी दोरी मागताना दस्तगीर शिकलगार.
निघताना सहज शोधून बघितलं: दोरी.
एक फोटो.
मग: जमाव.
छत्तीस.
त्यात तो अजून आहे, उभा, दोन कॉलम,
खाली तारीख, वेळ,
आणि कापणाऱ्याच्या रकान्यात
माझं नाव, पूर्ण.