शेरा

आमच्याकडे समुद्र नाही.
किनारा आहे, तोही दिवाळीनंतरचा.
पाणी बोट बोट मागं सरतं
आणि राकसकोपच्या काठानं जांभा वर येतो,
भोकाभोकांचा, धारदार,
अनवाणी माणसाला शिव्या शिकवणारा.

रोज सकाळी सातला
जॅकवेलच्या भिंतीवरची पट्टी वाचते मी.
अंक धुक्यात असतात. थांबावं लागतं.
निम्मी नोकरी ही थांबण्याची,
पगारपत्रकात ती कुठं दाखवत नाहीत.

थांबून थांबून दिसायला लागलं.
तुतवार आधी:
शेपूट खालीवर, खालीवर,
कुणी काही विचारलं नसताना
हो हो म्हणत खडकाखडकानं जाणारी.
मग शेकाटे, गुलाबी काड्यांवर,
आपलेच गुडघे पाण्यात शोधत.
पलीकडच्या डोंगरामागं महाराष्ट्र लागतो,
टिटवीला हे सांगून पाहिलं,
ती मध्यरात्रीसुद्धा दोन्हीकडून ओरडते.

गुरुवारी चक्रवाक उतरले. सात.
भट्टीतून नुकत्या काढलेल्या विटेचा रंग,
आणि आवाज असा, की रिकाम्या घागरीत कुणी हाक मारावी.
मी बसलिंगला उठवलं.
त्यानं कानटोपीतून एक डोळा काढला,
"बदकं हाईत की वो बाई," म्हणाला,
आणि शेकोटीत पाचोळा सारला.

गाळाला भेगा पडतात, आधी केसासारख्या,
मग बोट जाईल एवढ्या.
पोटात थोडं आभाळ ठेवून
शिंपले उघडे पडतात.
कोवळा मसूर उगवलाय तिकडच्या ओलीत;
तीन महिन्यांखाली तिथं
माझ्या डोक्यावर दोन माणसं पाणी होतं.

रजिस्टर कन्नडात आहे.
शेवटचा रकाना: षरा.
हा आपलाच शेरा, टोपी बदलून बसलेला.
माझ्या आधी कल्लाप्पा मजुकर इथं होते, एकतीस वर्षं.
त्यांचे जुने खंड मी दुपारी चाळते.
त्या रकान्यात रोज एकच शब्द: इल्ल.
काही नाही. काही नाही. काही नाही.
पावसाळ्यात शाई फुटलेली, तरी काही नाही.

आणि एका जानेवारीत, एकोणीस तारखेला,
मराठीत, पेन्सिलीनं, बारीक:
आज दोघं होती.

कोण दोघं?
त्यांच्या मुलाला विचारलं, बेळगुंदीला जाऊन.
तो म्हणाला, आप्पा घरी बोलायचेच कमी.
चहा दिला. पेरू दिले पिशवीभर.
दाराशी आल्यावर आठवल्यासारखं म्हणाला,
थंडीत मात्र ते लवकर निघायचे,
साडेपाचालाच. आई चिडायची.

मीही साडेपाचाला यायला लागले.

नवव्या दिवशी, सांडव्याखालच्या सपाट दगडावर
विष्ठा सापडली: खेकड्याची कवचं, माशाचे खवले,
सुक्या बोंबलाहून उग्र वास.
गाळात पावलं, पाच बोटांची,
मध्ये पातळ पडदा उमटलेला.
एक माप मोठं, एक लहान.
उद.
शब्द एवढासाच,
तोंडातून बाहेर पडायच्या आत बुडी मारणारा.

दिसली नाहीत.
जानेवारी संपत आला, वारा कोरडा झाला,
ओठ फुटले, शेकाटे पांगले,
पट्टी आणखी दीड फूट उतरली.
शहरातल्या नळांना दिवसाआड पाणी सुरू झालं.
मी षरा या रकान्यात इल्ल लिहीत राहिले.
कल्लाप्पांचं इल्ल मला तेव्हा कळलं:
त्यात रोजचं एक बघणं होतं.

काल वारा नसताना
पाण्यावर एक रेघ ओढली गेली, काठाला समांतर.
रेघेच्या टोकाला डोकं,
सपाट, ओलं, मिशांसकट.
त्यानं मला बघितलं, मी काहीच नसल्यासारखं,
आणि मासा आडवा धरून
जांभ्याच्या कपारीत गेलं.
मागोमाग दुसरं कुणी आलं नाही.
उजाडेपर्यंत उभी होते.

पट्टीचा अंक शाईनं लिहिला.
शेऱ्यात पेन्सिलीनं: एक.

आज साहेब आले, पान उलटलं, सही केली.
पाणी किती दिवस पुरेल,
तेवढं विचारलं.