तीन धारांचा लसूण

फाल्मथला घर घेतलं त्या फेब्रुवारीत
कुंपणाच्या फळीखालून पहिली पात आली.
मी म्हटलं, गवत.
चिमटीत चुरडली, तर बोटांना लसणाचा वास
रात्रीपर्यंत.

फूल पांढरं, मान खाली घातलेलं,
पाकळीच्या मधोमध एक हिरवी रेघ, पट्टीनं आखल्यासारखी.
दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात.

पलीकडचे मिस्टर नॅन्कॅरो टोपी काढून म्हणाले,
माफ करा, आमच्या हिनं लावलेत.
(इंग्रजीत ‘आमच्या हिनं’ म्हणता येत नाही,
पण त्यांनी म्हटलं ते तसंच.)
एक्याऐंशी साली. सहाच कंद.
तिला ती घंटांसारखी वाटायची.

मी खणत राहिले, दर मार्चला.
गुडघ्याखाली जुनी उशी, हातात आमटीचा डाव.
खुरपं चालत नाही, कंद फुटतो
आणि पिल्लं सांडतात साबुदाण्याएवढी,
उपवासाला न चालणारा साबुदाणा,
मातीत पडला की मातीच.
बिया मुंग्या नेतात म्हणे. कुठे, ते मुंग्यांना माहीत.

एका वर्षी कंटाळून पाती चिरल्या, पिठल्यात घातल्या.
मग ठेचा केला, हिरवीगार वाटी
कुंपणावरून त्यांच्या हातात दिली.
त्यांनी चमच्याच्या टोकावर घेतला,
खोकले, पाणी मागितलं,
आणि विचारलं, हे सगळं तिचंच का?
तिचंच, मी म्हटलं. मिरच्या माझ्या.

ते गेले तो नोव्हेंबर.
वसंतात नवं जोडपं आलं, छोटं पिवळं यंत्र आणलं,
हातभर माती उकरून ट्रकनं कुठेतरी पाठवली,
वर करडी खडी टाकली, दोन खुर्च्या ठेवल्या.
मला वाटलं, संपलं.

काल संध्याकाळी ती मुलगी दारात उभी.
नम्र. हातात फोन, फोनमध्ये फोटो:
करड्या खडीतून वर आलेली तीन पांढरी फुलं,
आमच्या फळीपासून वीतभर अंतरावर.
हे बहुतेक तुमच्याकडून येतंय, म्हणाली,
जरा बघाल का?

सांगता आलं असतं. सन, नाव, सगळं पाठ आहे मला.

माफ कर, मी म्हटलं.
सहाच लावले होते.