अठरा नंबरचा पट्टा

जब्बारभाईनं पेटी उघडली की
आधी येतो नव्या रेक्झिनचा वास,
मग पट्टे दिसतात,
दोरीला टांगलेल्या सुक्या मासोळ्यांसारखे.
लाडखेडच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगाला लागून
त्याचं दुकान : एक पेटी, एक छत्री, एक भिंग.

"बाईचा, का माणसाचा?"
"माणसाचा. पण घालणार मी."
तरी त्यानं बारीक सोनेरी साखळीच काढली.
मी ती परत पेटीत ठेवली.

घड्याळ चावीचं. तबकडी पिवळी पडलेली,
खिशात धुतल्या गेलेल्या तिकिटासारखी.
बाबा, म्हणजे उकंडराव कंडक्टर, दिग्रस डेपो,
पहाटेच्या गाडीआधी वीस वेळा पिळायचे.
मी मोजायची.
एकविसाव्याला ओरडायची.

जब्बारभाईनं दोन शिंगांमध्ये आगकाडी धरली,
नखानं खूण केली, पट्टीवर ठेवली :
"अठरा."
आणि सुरू झालं.
स्टीलचा : वैशाखात तवा होईल हातावर.
काळा, मगरीचे खवले छापलेला :
कोणाचा तरी नवरदेव वाटला.
हिरवा नायलॉनचा, "मिलिटरीतले लोक घालतात बाई,"
घालोत बापडे.
तपकिरी बरा होता, पण फारच नवा,
म्हाताऱ्या माणसाला
नातवाचा कोट चढवल्यासारखा.

"घ्या ना. आपल्याकडच्या घामानं
महिन्याभरात जुना होते."
हे मात्र पटलं.

पण जुनी काडी निघेना.
दाबायला तिथं काही नव्हतंच.
भिंग डोळ्याला लावून तो हसला :
"कोन्या येड्यानं डाग देल्ला हो इथं?"

त्या येड्याला मी ओळखते.
यात्रेच्या जादा गाडीत, आर्णीच्या अलीकडे,
दारात लोंबकळणारं एक पोर आत ओढताना
काडी सुटली आणि घड्याळ पडलं चाकापाशी.
पोर वाचलं, त्याचं घरी बोलले नाहीत.
घड्याळ पडलं, ते आईला महिनाभर सांगत होते.
मग कल्हईवाल्याकडून दोन्ही काड्या
कायमच्या पक्क्या करून घेतल्या.

आता जाईल ती एकच अखंड पट्टी,
एका शिंगातून आत, घड्याळाच्या पोटाखालून, बाहेर.
"असा माल आपल्यापाशी नाही,"
जब्बारभाईनं पेटी लावली.
भिंग पुसून खिशात टाकलं.

घरी बकरीच्या फाटकाला बांधलेला होता
पैशाच्या बॅगेचा खांद्यावरचा पट्टा.
बॅग डेपोत जमा झाली, सही-शिक्क्यासकट.
पट्टा तुटका, म्हणून कुणी मागितला नाही.
तेवीस वर्षं त्यानं बकऱ्या आत ठेवल्या.
बकऱ्यांना आता सुतळी पुरेल.

झिबलभाऊनं तो रात्रभर भिजवला,
सकाळी मांडीवर घेऊन रापीनं सोलला.
काळा थर गेला. आत गुळाचा रंग.
आणि मधोमध एक फिकट रेघ,
चिल्लरच्या वजनानं ताणलेली.
"ही राहू द्या," मी म्हणाले.
"राह्यनारच थे. जाईन कुठी?"

बक्कल जुनंच लावलं.
आरी टोचली. एकदाच.
"एकच भोक काऊन, भाऊ? दुकानातल्याले सात असतात."
त्यानं माझं मनगट अंगठ्या-बोटात धरलं,
बाजारात दुधी पाहतात तसं.
"आज हात इतका हाये.
वाळला का या. दुसरं पाडून देईन."

वीस रुपये घेतले.
वर विचारलं, किती वाजले.
चार वाजून चाळीस, मी ऐटीत सांगितलं.
दारव्ह्याची पाचची गाडी
तेव्हा पुलावरून जात होती.