नमुना सही

जेल रोडच्या जिन्यात पाटी आहे माझी अजून:
हस्ताक्षर व दस्तऐवज परीक्षक.
खाली झेरॉक्सवाला. त्याच्या यंत्राची ऊब
वर माझ्या टेबलापर्यंत येते.

कुमुदिनी टकले, मयत, राहणार रामबाग.
बक्षीसपत्राच्या पाचव्या पानावर
‘दि’ची वेलांटी दोनदा अडखळते;
भिंगाखाली दिसते
भर चौकात सायकल शिकणाऱ्या पोरासारखी.

आता कंप दोन तऱ्हेचा.
चोराचा कंप सावकाश असतो.
तो लिहीत नाही, चित्र काढतो,
मधेच थांबून मूळ सहीकडे बघून घेतो.
म्हातारपणाचा घाईत असतो,
कुठं जायचं ते त्याला पाठ असतं,
रस्ता तेवढा उखडलेला.

सव्वीस वर्षं हेच टाइप करवून घेतलं
आणि खाली: शक्यता नाकारता येत नाही.
या वाक्याच्या आडोशाला बरा संसार झाला.

पिंजऱ्यात भदोरिया वकिलांनी विचारलं,
“एक्सपर्ट साहब, हाँ या ना?”
माझ्या मते, मी म्हटलं,
“मत नहीं पूछा।”
जजबाई चष्मा पुसत होत्या.
पंख्यानं उडू नये म्हणून माझ्या अहवालावर
कुणीतरी पंचिंग मशीन ठेवलेलं.
मागच्या बाकावर टकलेबाईंची भाची,
चार वर्षं मावशीचं बेडपॅन उपसलेली,
माझ्या तोंडाकडे बघत होती
घराची किल्ली माझ्या दातांत असल्यासारखी.

हाँ, मी म्हणालो. हात म्हातारा आहे, खोटा नाही.
घसा कोरडा पडला होता.

निकालात माझ्या वाट्याला दीड ओळ आली:
केवळ तज्ज्ञाच्या मतावर विसंबता येत नाही, तथापि…
त्या तथापिवर भाची अजून राहते आहे.
दिवाळीत चिरोटे देऊन गेली. घ्यायला नको होते, घेतले.

परवा माझाच चेक परत आला.
शेरा: सही जुळत नाही.
बँकेतल्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवला,
नव्वद सालातली माझी सही, एका दमात काढलेली,
शेपटी उडवून गेलेली.
“अंकल, फिर से कीजिए।”
केली. तिनं मान हलवली.
पुन्हा केली. पेन दोनदा घसरलं.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

तिसऱ्यांदा मी सावकाश काढली,
मधे थांबून, स्क्रीनकडे बघून,
वळण न् वळण.

“हाँ,” ती म्हणाली, “अब मिल गया।”